रुमालाखालची लिंक

तुमच्या हातात मोबाइल असेलच. टाका त्यात, 'शेळीचं पोट फुगलं, काय करावं'. काय येतंय? पहिल्यांदा एक पावडरवाला. त्याच्याखाली दुसरा पावडरवाला. मग एक व्हिडिओ, त्यात टाय घातलेला माणूस शेळीपासून चांगला लांब उभा राहून शेळीबद्दल बोलतोय. खाली जा, अजून खाली जा, बोट दुखेपर्यंत जा. रंगाआण्णा सापडणार नाहीत. आणि मी छातीवर हात ठेवून सांगतो, या विषयावरचं सगळ्यात शहाणं मराठी पान रंगाआण्णांचंच आहे. आहे म्हणजे आजही आहे. आण्णा गेले, त्यांच्या गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं विकतात, पण साइट चालू आहे. त्यांची लेक दरवर्षी तिची फी भरते. फक्त ती शोधून सापडत नाही. पत्ता पाठ असेल त्यालाच दिसते.

माझं बीडमध्ये फ्लेक्सचं दुकान. वाढदिवस, निवड, निवडीबद्दल सत्कार, सत्काराबद्दल आभार, सगळं आपल्याकडं छापून मिळतं. आण्णांचा गाळा माझ्या भिंतीला भिंत लावून. मधली भिंत इतकी पातळ की ते लिहिताना स्वतःशी बोलायचे ते मला इकडं ऐकू यायचं. "आता शेळी उभी ऱ्हाईना... न्हाई, असं नको... आता शेळी बसून ऱ्हाती..." दिवसभर हे. एखादा भावी नगरसेवक माझ्यापुढं फोटो निवडत बसलेला असायचा आणि भिंतीतून आवाज यायचा, "कान गार पडले का बगा." तो बिचारा कानाला हात लावायचा.

आण्णा मूळचे आष्टीकडचे, मेंढपाळाच्या घरातले. बाप जनावरांच्या बाजारात दलाली करायला लागला आणि बापामागं आण्णाही. नेकनूरच्या बाजारात एका बैलानं त्यांना असं काही भिरकावलं की मांडीचं हाड जुळलं खरं, पण पाय आखूड राहिला. बाजार फिरणं संपलं. घरात बसून बायकोचं, सुमनवहिनींचं, डोकं खायला लागले, तेव्हा वहिनींनीच त्यांना गाळा घ्यायला लावला. लेकीनं आपला जुना लॅपटॉप दिला, साइट कशी चालवायची ते शिकवलं. साइटचं नाव आण्णांनी ठेवलं 'दावण'. जनावराबद्दल जे काही ठाऊक होतं ते एकेका पानावर लिहीत गेले. प्रत्येक पानाची सुरुवात एकच: 'आधी डॉक्टरला फोन करा. तो येईपर्यंत हे वाचा.'

मी म्हटलं, "आण्णा, असं लिहिलं तर लोक तुमचं वाचतील कशाला?"

"डॉक्टर यायला येळ लागतो बे," ते म्हणाले. "तेवढा येळ मपला." मपला म्हणजे माझा, आष्टीकडची बोली.

त्यांच्या खांद्यावर कायम एक रुमाल असायचा. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे, बाजारातला, लांबरुंद, चौकटीचा. जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा उजव्या हातात उजवा हात देतात, वरून रुमाल टाकतात आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव करतात. भोवती बाजार भरलेला असतो, कुणाला काही कळत नाही. पटलं की हात गच्च दाबायचा. झाला सौदा. सौदा मोडायचा असला तर तोही तसाच, रुमालाखाली, दोघांच्या हातानं. आण्णांना या सवयीनं इतकं धरलं होतं की चहावाल्यालाही ते कधी तोंडानं किती कप ते सांगायचे नाहीत. त्याचा हात ओढून घ्यायचे, रुमाल टाकायचे. चहावाला लाजून लाल व्हायचा. आण्णांना त्यात काही वावगं वाटायचं नाही.

नवा लॅपटॉप घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी दुकानदाराच्या टेबलावर तो उलटा केला, सुलटा केला, बिजागरी उघडून कान लावला आणि विचारलं, "खोड काय हाय याला?" दुकानदार म्हणाला, काही नाही. आण्णा उठले. "खोड न्हाई असं जनावरच नसतंय. हा माणूस खोटं बोलायलाय." शेवटी ज्यानं सांगितलं की बॅटरी लवकर उतरते, त्याच्याकडून घेतला.

हळूहळू 'दावण' वाचली जायला लागली. सकाळी गाळा उघडायच्या आधी लोक पायरीवर बसलेले असायचे. पालीहून गयाबाई म्हणून एक म्हातारी आली होती, बिंदुसरेच्या धरणाकडं शेळ्या चारते. तिच्या सुनेनं मोबाइलवर आण्णांचं पान वाचून दाखवलं, डॉक्टर येईपर्यंत शेळी तगली. गयाबाईला वाटलं, मोबाइलमधला माणूस लई मोठा डॉक्टर असणार. आखूड पायाचे आण्णा पुढं आले तसं ती म्हणाली, "अगं बया, हा तर आपल्यातलाच हाय!" आणि पिशवीतून खरवसाचा डबा काढून टेबलावर ठेवला. आण्णांनी मला हाक मारली, खरवस पुढं केला आणि तोंड फिरवलं. डोळे भरले होते त्यांचे. मी नेमका त्याच वेळी खरवसात साखर कमी आहे म्हणालो. आण्णा मला बे म्हणाले आणि पुढं जे म्हणाले ते इथं लिहिता येत नाही.

आता लिंकेचं सांगतो, कारण सगळं तिथंच अडकलं.

एका साइटनं आपल्या पानावर दुसऱ्या साइटचा पत्ता द्यायचा, त्यावर बोट ठेवलं की माणूस तिकडं जातो. ही लिंक. सर्च इंजिन बघतं की कुणाकुणाच्या साइटीवर तुमचा पत्ता आहे. चार भल्या साइटींनी दिला असेल तर तुम्हीही भले, मग तुम्हाला वर दाखवतं. आण्णा सर्च इंजिनला 'पाटील' म्हणायचे. कोण पुढं बसणार आणि कोण मागं, ते पाटील ठरवणार.

पहिली लिंक मागायला आले ते खलीलभाई. उमापूरचे, शेळ्यांचे व्यापारी, आण्णांचे बाजारातले जुने दोस्त. बैलानं आण्णांना फेकलं तेव्हा त्याच्या शिंगापुढं जाऊन त्यांना ओढून काढणारा हाच माणूस. त्यांच्या पोरानं, समीरनं, उमापुरात पेंडीचं आणि खुराकाचं दुकान घातलं होतं, त्याची साइट काढली होती, आणि ती कुणाला दिसत नव्हती.

"उसमें क्या है, देतो की," आण्णा म्हणाले. "खुराक चांगला हाय तुमचा. मी सोता बघितलाय."

"ऐसा नको," खलीलभाई म्हणाले. "तू मुफत दिला, तर उद्या मुफतच काढून घेशील. सौदा कर."

आण्णा हसले. खलीलभाई हसले नाहीत. हात पुढं केला. आण्णांनी रुमाल टाकला. दोघं बराच वेळ तसे बसले, कुणाची तरी मयत असल्यासारखे गंभीर, आणि मग दोघांनी एकदम हात दाबला. किती दिले, किती घेतले, मला ठाऊक नाही, रुमालाखालचं विचारायचं नसतं. ठरलं ते एवढंच, की दावणीवरून समीरच्या दुकानाचं नाव कधी निघणार नाही.

एवढ्यावर थांबले असते तर मी आज हे लिहीत बसलो नसतो. पण आण्णांचा पिंड दलालाचा. समोरच्यानं हात पुढं केला की यांचा रुमाल खाली आलाच. पुण्याहून एका एजन्सीचा पोरगा फोन करायला लागला. "सर, तुमच्या साइटला लई वजन आहे, आमच्या दोन-चार पार्टींच्या लिंका टाका." पैसे लगेच पाठवायचा. आण्णांनी ते सौद्याचा इसार म्हणून घेतले. गाभण शेळीच्या पानाखाली केसांच्या तेलाची लिंक आली. लाळ्या-खुरकताच्या पानाखाली झटपट कर्ज देणाऱ्याची आली. पत्त्यांच्या जुगाराची मात्र त्यांनी नाकारली. "जुगारी जनावर विकून खेळतो," म्हणाले. बाकीच्यांना का नाकारलं नाही, असं मी विचारलं, तर माझ्याच दुकानाकडं बोट केलं.

"तू काय करतोस बे? पैसे दिले की कुणाच्याबी फोटोखाली 'जनसामान्यांचा आधारवड' लिहितोस की न्हाई?"

लिहितो. धंदा आहे.

आणि एक दिवस पाटलानं आण्णांना उठवून बाहेर काढलं. साइटीच्या खात्यात इंग्रजीत दोन ओळी आल्या, लेकीनं फोनवर अर्थ सांगितला: तुम्ही लिंका विकता, म्हणून शिक्षा. त्या दिवसापासून 'दावण' शोधात दिसेनाशी झाली. पायरीवर माणसं यायची बंद झाली. आण्णा गाळा उघडायचे, रस्त्याकडं बघत बसायचे. भिंतीतून आवाज येईना. मला इतकी वर्षं त्या आवाजाचा वैताग होता, आणि आता तो येत नाही म्हणून काम सुचेना.

मी भडकलो. मला भडकायला वेळ लागत नाही. म्हटलं, "हे पाटील सोता काय धुतल्या तांदळाचे आहेत? सगळ्यात वर जाहिराती कुणाच्या दिसतात? पैसे घेऊनच ना? त्यानं घेतलेले चालतात, आन् तुमी घेतले की शिक्षा?"

मला वाटलं, आण्णा टाळी देतील. त्यांनी मान हलवली.

"त्यो जाहिरातीवर जाहिरात लिहितो, मधू. तुझ्या फ्लेक्सचंबी तसंच. रस्त्यानं जाणाऱ्या लेकरालाबी ठाऊक हाय, पैसे देऊन छापलंय. कुणी फसत न्हाई. बाजारात दलाल ओरडतो, बैल लई गुणाचा हाय, तवाबी सगळ्यांना ठाऊक असतंय, याला दलाली मिळणार हाय. पर गिऱ्हाइकानं बाजूला घेऊन इचारलं, 'खरं सांग, घेऊ का?' तवा मपल्या बापानं कधी खोटं सांगितलं न्हाई. ते इचारणं येगळं. ती साक्ष. लिंक म्हंजे साक्ष हाय बे. मी केसाच्या तेलाची साक्ष दिली. मला तेलातलं काय कळतंय? गयाबाईनं मपल्या भरवशावर कर्ज काढलं असतं तर?"

"म्हणजे शिक्षा बरोबर?"

"शिक्षा बरोबर. रीत चुकली." त्यांनी रुमाल खांद्यावरून काढला, पुन्हा टाकला. "वाळीत टाकायचं असलं तरी आधी समोर उभं करत्यात. इचारत्यात, काय केलंस, कावून केलंस. इथं कुणाफुडं उभं ऱ्हाऊ? त्याला दारच न्हाई. आन् ज्यानं दुसऱ्यांकडून लिंका इकत घेतल्या, त्यो पावडरवाला तिथं वर बसलाय. त्याला पाटलानं बघितलंच न्हाई."

सुटका होती. सगळ्या विकलेल्या लिंका काढायच्या आणि माफीचा अर्ज करायचा. आण्णांनी एजन्सीच्या पोराला फोन लावला. बाजारात देणारा फिरला तर इसार दुप्पट करून परत देतात. आण्णांनी तसा दिला. पोरगा आधी चिडला होता, पैसे दुप्पट आलेले बघून घाबरला. त्याला वाटलं, म्हातारा पोलिसात जाणार. परत फोनच उचलला नाही त्यानं.

तेल गेलं, कर्ज गेलं. राहिली एकच, उमापूरची.

मी म्हटलं, काढा. लेकीनं सांगितलं, काढू नका, आत एक खूण टाका की ही पैसे घेऊन दिलेली आहे. नाव दिसेल, पाटील ती लिंक मोजणार नाही, आणि शिक्षाही उठेल. मला वाटलं, झालं, सुटलो. पण आण्णा म्हणाले, "त्याला मी दुभती गाय इकली. आता गाय त्याच्या दारात ठिवायची आन् दूध मी आटवायचं? त्याला न सांगता?"

"मग सांगा त्याला. फोन करा."

"शब्द हातानं दिलाय. फोनवर कसा मागू?"

उमापूरला जायचं तर पाय साथ देईना. समीरचा फोन यायचा, अब्बांची तब्येत बरी नाही म्हणायचा. आण्णा म्हणायचे, बरं झाल्यावर जाऊ. असे दिवस जायला लागले. अडकले होते. एकीकडं शब्द, एकीकडं साइट, आणि मधे हा आखूड पायाचा हट्टी माणूस. मला त्यांचा राग यायचा, आणि रागाच्या खाली इतकं वाईट वाटायचं की मी दिवसातून दोनदा कारण नसताना त्यांच्या गाळ्यात डोकावून यायचो.

मग आष्टीकडून फोन आला. आण्णांच्याच गावाकडचा एक मेंढपाळ. त्याच्या कळपात पोटफुगी शिरली. त्यानं मोबाइलवर शोधलं, वर पावडरवाला सापडला, त्यात डॉक्टरला फोन करा असं कुठं नव्हतं. पावडर पाजत बसला. जनावरं गेली. तो आण्णांना दोष देत नव्हता. तो नुसतं म्हणत होता, "आण्णा, तुमचं पान लई हुडकलं. तुमी बंद केलं का?"

आण्णा म्हणाले, "न्हाई रे. चालू हाय." आणि फोन ठेवला. मग दोन्ही हातांनी तोंड झाकून बसले. मी उभा होतो दारात. "मपल्या शब्दापायी मेली बे," ते म्हणाले. "मपला शब्द राखायला दुसऱ्याची जनावरं."

दुसऱ्या दिवशी माझ्या जुन्या गाडीत त्यांना घातलं आणि उमापूरला निघालो. वाटेत सरावाला लागल्यासारखे स्वतःशी बोलत होते. "खलील, तुझं मपलं काय हाय... न्हाई, असं नको... खलील, एक मागायला आलोय..." मी रेडिओ लावला नाही. गेवराई मागं पडली, तरी चालूच होतं.

समीर दुकानाबाहेरच भेटला. आण्णांना बघून त्यानं पायाला हात लावला, आणि आत नेताना हळूच म्हणाला, "चाचा, फोनवर सगळं सांगितलं न्हाई मी. अब्बांना लकवा झालाय."

खलीलभाई खाटेवर होते. केवढा माणूस, केवढासा झाला होता. उजवं अंग गेलेलं. तोंड वाकडं, बोलणं बंद. पण आण्णांना बघितलं आणि डोळ्यांतून पाणी सुरू झालं ते थांबेना. आण्णा खाटेच्या काठावर बसले. "काय बे खलील," एवढंच म्हणाले, आणि दोघं रडायला लागले. मी आणि समीर भिंतीकडं बघत उभे राहिलो.

थोड्या वेळानं मीच समीरला सगळं सांगितलं, कारण आण्णा सांगणार नाहीत हे मला दिसत होतं. पोरगा चांगला आहे. लगेच म्हणाला, "चाचा, एवढंच ना? काढून टाका की. मला राग न्हाई. दुकान चाललंय मपलं."

"सौदा तुझ्याशी झाला न्हाई," आण्णा म्हणाले.

त्यांनी खलीलभाईंचा उजवा हात पांघरुणातून बाहेर घेतला. तो हात नुसता वजन होता. आपला उजवा हात त्यात दिला आणि खांद्यावरचा रुमाल दोन्ही हातांवर टाकला. खलीलभाई बघत होते. त्यांना कळलं. त्या क्षणी चेहऱ्यावर जे काही हलायचं शिल्लक होतं ते सगळं हललं. आण्णा रुमालाखाली काहीतरी दाबून सांगत होते, आणि मग थांबले. उत्तराची वाट बघायला लागले.

रुमाल हलेना.

समीर म्हणाला, "चाचा, हात गेलाय त्यांचा. डावा चालतो थोडा. डाव्यानं घ्या."

"डाव्यानं सौदा होत न्हाई बाळा."

"मग असं किती वेळ बसणार?"

"बाजारात घाई करत न्हाईत."

चहा आला, थंड झाला, परत गेला. ऊन खाटेखाली सरकलं. खलीलभाईंच्या कपाळावर घाम आला. माणूस आपल्या मेलेल्या हातावर सगळा जीव लावत होता, हे दिसत होतं. पण हो म्हणायला की नाही म्हणायला, ते मात्र मला आजही सांगता येणार नाही. आण्णा त्या हाताकडं बघत नव्हते. रीतच आहे, रुमालाकडं बघायचं नसतं. ते दोस्ताच्या तोंडाकडं बघत होते.

शेवटी मीच म्हणालो, आण्णा, निघायला पाहिजे. त्यांनी मान डोलावली. रुमाल जागेवरून जराही सरकू न देता आपला हात हळूच काढून घेतला. उठले, खलीलभाईंच्या कपाळाचा घाम आपल्या सदऱ्याच्या बाहीनं पुसला, आणि लंगडत बाहेर आले.

गाडीत बसल्यावर मला चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. बघतो तर खांदा मोकळा. इतक्या वर्षांत मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. पुढं काही आठवड्यांतच आण्णा गेले, पण आण्णा म्हटलं की माझ्यापुढं उभा राहतो तो त्या दिवशीचा मोकळा खांदा.

"आण्णा, रुमाल राहिला तुमचा. आणू का?"

"ऱ्हाऊ दे," ते समोर बघत म्हणाले. "सौदा चालू हाय."